२६ इंची चाक अजून का फिरतंय? जुनी माउंटन बाइक न सोडणाऱ्यांचं गणित

माउंटन बाइकच्या दुनियेत २०२५ साली एका नव्या आकड्याची चर्चा सुरू झाली: ३२. म्हणजे ३२ इंची चाक. या मापाच्या सायकलींचे नमुने दिसले, मॅक्सिससारख्या मोठ्या टायर कंपनीने त्यासाठी टायरही दाखवला. आधी २६ होतं, मग २९ आलं, मग दोघांच्या मध्ये २७.५ घुसलं, आणि आता ३२. फोनच्या मेगापिक्सेलसारखा हा आकडा वाढतच चाललाय.

गंमत म्हणजे याच दुनियेत एक गट असा आहे, जो २६ वरून हलायलाच तयार नाही. साधारण १९८८ ते १९९८ च्या दरम्यान बनलेली, पोलादी फ्रेमची, सस्पेन्शन नसलेली माउंटन बाइक ही मंडळी आजही चालवतात, दुरुस्त करतात, शोधून शोधून विकत घेतात. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये हे लोक जास्त सापडतात, कारण त्या काळात या सायकली खपल्या तिथे. आणि नवी परवडत नाही म्हणून ते जुनी चालवतात असंही सरसकट नाही. यातल्या अनेकांच्या घरात कार्बन फ्रेमची नवी सायकलही उभी असते.

मग हट्ट कशाचा? 'जुनं ते सोनं' म्हणून विषय संपवता येतो. पण या हट्टामागे एक तांत्रिक कारण आहे, आणि ते तुमच्या खिशातल्या फोनलाही तितकंच लागू पडतं. म्हणून आज जरा सायकलीकडे वळू.

भंगारातून आलेली सायकल

माउंटन बाइक जन्मली तीच जुन्या सायकलीतून. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटी आहे, तिथे माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर. १९७० च्या दशकात तिथली काही तरुण पोरं श्विन कंपनीच्या १९३० आणि ४० च्या दशकातल्या जाडजूड सायकली भंगारातून उचलायची आणि डोंगरावरून खाली सोडायची. त्या काळच्या नव्या रेसिंग सायकली हलक्या आणि वेगवान होत्या, पण दगडधोंड्यात टिकायच्या नाहीत. जुनी श्विन अवजड होती, पण मोडत नव्हती.

२१ ऑक्टोबर १९७६ ला तिथे पहिली 'रीपॅक' शर्यत झाली. सुमारे सव्वातीन किलोमीटरच्या कच्च्या रस्त्यावर जवळपास ४०० मीटरचा उतार. या सायकलींना पायडल उलटं दाबलं की लागणारा, मागच्या हबमधला ब्रेक असायचा. उतार संपेपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा, आणि पुढच्या फेरीआधी ते पुन्हा भरावं लागायचं. पुन्हा भरणे म्हणजे रीपॅक, त्यावरून हे नाव.

या टोळीतला जो ब्रीझ याने १९७७ मध्ये खास या कामासाठी नवी फ्रेम बनवली. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची याने बनवलेल्या फ्रेम विकायला कंपनी काढली, तिचं नावच 'माउंटनबाइक्स'. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची स्टम्पजम्पर आली आणि हा प्रकार सर्वसामान्य दुकानात पोचला.

आता २६ चं रहस्य. श्विनने १९३३ मध्ये मुलांच्या सायकलींसाठी जो फुगीर टायर आणला, तो २६ इंची होता. जुन्या सायकलीला तोच होता, म्हणून नव्या माउंटन बाइकलाही तोच बसला. कुठल्या प्रयोगशाळेत कोणी मोजमाप करून हे चाक निवडलं नव्हतं. त्यामुळे कोणी मला सांगू लागला की २६ हेच आदर्श चाक, तर मी मान डोलावत नाही. मोठं चाक दगडावरून सहज जातं हे साधं भूमितीचं सत्य आहे: चाक जितकं मोठं, तितका दगडाला भिडण्याचा कोन कमी. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या माउंटन बाइक शर्यतीत २९ इंची चाकावरचा यारोस्लाव कुल्हावी पहिला आला आणि २७.५ वरचा निनो शुर्टर दुसरा. पुढच्या दोनेक वर्षांत बड्या कंपन्यांच्या महागड्या मॉडेल्समधून २६ जवळजवळ गायब झालं. उड्या मारण्यासाठीच्या डर्ट जंप सायकलींना ते अजून असतं, तेवढंच.

सहा मिलिमीटर

खरा वैताग चाकाच्या उंचीचा नाही. तो आहे मापांचा.

१९९० च्या दशकातल्या जवळपास कुठल्याही चांगल्या माउंटन बाइकच्या मागच्या चिमट्यातलं अंतर १३५ मिलिमीटर. पायडलची बीबी ६८ किंवा ७३ मिलिमीटरच्या, आटे असलेल्या नळीत बसायची. म्हणजे एका कंपनीची फ्रेम, दुसरीचं चाक, तिसरीचं क्रँक, सगळं जुळायचं. तुम्ही दहा वर्षांनी फ्रेम बदलली तरी चांगली चाकं पुढच्या फ्रेमवर जायची.

त्यानंतर मागचं अंतर १४२ झालं. २०१४-१५ च्या सुमारास ट्रेक आणि स्रॅम यांनी 'बूस्ट' आणलं, ते १४८. म्हणजे सहा मिलिमीटर जास्त. त्यामागचं कारण खोटं नव्हतं: २९ इंची चाकाचे स्पोक लांब असतात, हब रुंद केला की त्यांना जास्त तिरपा आधार मिळतो आणि चाक मजबूत होतं. पुढे १५७ चं 'सुपर बूस्ट'ही आलं. बीबीच्या बाबतीत आटे काढून नुसती दाबून बसवायची पद्धत आली, ती कुरकुर आवाज करायला लागली, आणि आता कित्येक कंपन्या गुपचूप पुन्हा आट्यांवर परतल्या आहेत. कॅसेट बसते त्या भागाचेही शिमानोचा हायपरग्लाइड, मग स्रॅमचा एक्सडी, मग शिमानोचा मायक्रो स्प्लाइन असे प्रकार झाले.

प्रत्येक बदल एकेकटा पाहिला तर थोडा फायदा दिसतो. पण सगळे एकत्र केले की माणसाच्या हातात काय उरतं? सात-आठ वर्षांपूर्वी भरपूर पैसे मोजून घेतलेली उत्तम चाकं, जी नव्या फ्रेममध्ये बसत नाहीत. जुन्या सायकलीशी निष्ठावान असलेल्यांची मुख्य तक्रार ही आहे. चार्जरची पिन दर दोन वर्षांनी बदलायची ते दिवस आठवा. तिथे शेवटी युरोपियन युनियनला कायदा करून २८ डिसेंबर २०२४ पासून यूएसबी-सी सक्तीचं करावं लागलं. सायकलीत असा कोणी पंच नाही.

खटका की घसरण

जुन्या माउंटन बाइकचा सगळ्यात हवासा वाटणारा भाग कुठला, सांगा पाहू? हँडलवरचा अंगठ्याने ढकलायचा गिअरचा खटका. शिमानोच्या डिओर एक्सटी मालिकेतले १९८० च्या दशकाच्या शेवटचे हे थंब शिफ्टर लोक अजून शोधत फिरतात. कारण समजून घ्यायला गिअर कसा बदलतो ते पाहावं लागेल.

गिअर बदलणं म्हणजे केबल ठरावीक लांबीने ओढणं. आजच्या शिफ्टरमध्ये प्रत्येक टकटकीला केबल किती ओढली जाणार हे आत पक्कं ठरलेलं असतं. याला इंडेक्सिंग म्हणतात. सोय मोठी आहे, पण अट अशी की शिफ्टर, डिरेलर आणि कॅसेट हे तिघं एकाच हिशेबाने बनलेले हवेत. एका कंपनीचा शिफ्टर दुसऱ्या कंपनीच्या डिरेलरशी बोलत नाही, कधी कधी त्याच कंपनीच्या जुन्या डिरेलरशीही नाही.

त्या जुन्या शिफ्टरवर एक छोटी चकती असते. ती फिरवली की इंडेक्सिंग बंद होतं आणि खटका नुसता घर्षणावर सरकतो, रेडिओचं जुनं बटण फिरवावं तसा. किती ओढायचं हे तुमचा अंगठा आणि कान ठरवतात. मग मागे ७ गिअरची कॅसेट असो की ९ ची, कुठल्याही कंपनीची असो, फारसं बिघडत नाही. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर हा असा भाग आहे ज्याला 'कम्पॅटिबिलिटी' हा शब्दच माहीत नाही. ग्रँट पीटरसन हे अमेरिकेतल्या ब्रिजस्टोन सायकलचे काम पाहायचे. ब्रिजस्टोनने १९९४ मध्ये तिथला सायकलधंदा बंद केल्यावर त्यांनी रिव्हेंडेल नावाची छोटी कंपनी काढली, आणि ती आजही असे घर्षणाचे शिफ्टर विकते. ब्रिजस्टोनच्या एमबी-१ सारख्या सायकली, कंपनीने दुकान बंद करून तीस वर्षं झाली तरी रस्त्यावर आहेत. ब्रिजस्टोनशिवाय न मिळणारा असा भाग त्यांच्यात फारसा नव्हताच.

त्या काळात सगळं मोकळं आणि खुलं होतं असं मात्र समजू नका. इंडेक्सिंग आणून 'सगळे भाग आमचेच घ्या' ही चाल शिमानोने १९८० च्या दशकातच खेळली होती, आणि सनटूर ही तिची जपानी स्पर्धक त्यात आडवी झाली. पण तेव्हा निदान ती चकती ठेवलेली होती.

एवढासा हँगर

माझ्या भाच्याची गोष्ट सांगतो. त्याने अॅल्युमिनियम फ्रेमची गिअरची सायकल घेतली. दीड वर्षाने ती पार्किंगमध्ये उजव्या बाजूला पडली आणि डिरेलर ज्याला लटकतो तो हँगर मोडला. अंगठ्याएवढा तुकडा. दुकानदार म्हणाला, ते मॉडेल बंद झालं, हँगर येत नाही. जवळपास तीन महिने धडधाकट सायकल गॅलरीत उभी होती. शेवटी एका लेथवाल्याने मोडका तुकडा नमुन्याला घेऊन नवा कातून दिला.

जुन्या पोलादी फ्रेममध्ये हँगर फ्रेमचाच भाग असतो. वाकला तर पान्याने सरळ करायचा, पोलाद ते सहन करतं. अॅल्युमिनियम पुन्हा पुन्हा वाकवलं की तुटतं, म्हणून तिथे वेगळा, बदलता येणारा हँगर आला. कल्पना चांगली, फक्त प्रत्येक कंपनीने, कित्येकदा प्रत्येक मॉडेलला, वेगळा आकार दिला. असे शेकडो आकार झाले.

२०१९ मध्ये स्रॅमने यावर उपाय काढला: एकच सार्वत्रिक हँगर, यूडीएच. कुठल्याही फ्रेम कंपनीने तो वापरावा. अनेकांनी वापरला, आणि ग्राहकाचं खरंच भलं झालं. मग मार्च २०२३ मध्ये स्रॅमने 'ट्रान्समिशन' नावाची बिनतारी गिअर व्यवस्था आणली. तिचा डिरेलर हँगरला लटकत नाही, यूडीएच काढून त्याच जागेवर थेट फ्रेमला बसतो. म्हणजे चार वर्षं सगळ्यांनी आनंदाने स्वीकारलेली मोकळी सोय हाच नव्या महाग व्यवस्थेचा दरवाजा होता. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. तो डिरेलर खरोखर दणकट आहे. पण यूडीएच नसलेल्या सगळ्या फ्रेम त्या दिवशी एका रेषेच्या पलीकडे गेल्या, एवढं खरं.

सायकलला चार्जिंग

पुढची पायरी तुम्हाला ओळखीची वाटेल. बिनतारी गिअर म्हणजे डिरेलरवर बॅटरी, शिफ्टरमध्ये सेल, फोनवर अॅप आणि अधूनमधून फर्मवेअर अपडेट. २०२५ मध्ये शिमानोने आपली सर्वात वरची एक्सटीआर मालिका नव्याने आणली, तीही बिनतारी.

याचे धोके कल्पनेतले नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की शिमानोच्या बिनतारी शिफ्टरचा रेडिओ संदेश रेकॉर्ड करून पुन्हा सोडला, तर दुसऱ्याच्या सायकलचे गिअर दुरून बदलता येतात. कंपनीने अपडेट काढून ते छिद्र बुजवलं. २०२३ च्या जुलैमध्ये नेदरलँड्सची व्हॅनमूफ ही ई-सायकल कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा लोकांना कळलं की आपल्या सायकलचं कुलूप अॅपमधल्या डिजिटल किल्लीवर चालतं आणि ती किल्ली कंपनीच्या सर्व्हरवरून येते. सर्व्हर बंद पडायच्या आधी किल्ली आपल्या फोनवर उतरवून घ्यायला काउबॉय या स्पर्धक कंपनीने घाईघाईत एक अॅप बनवून दिलं! व्हॅनमूफ पुढे विकली गेली आणि वाचली. ती शहरी सायकल होती, माउंटन बाइक नाही, पण जुन्या सायकलवाल्यांना आपलं म्हणणं सांगायला याहून चांगलं उदाहरण मिळालं नसतं.

आणि कंपन्या अडचणीत येणं सध्या अपवाद राहिलेलं नाही. कोविडमध्ये सायकलींची मागणी अचानक वाढली, सगळ्यांनी भरमसाट माल मागवला, मागणी ओसरली आणि गोदामं भरून राहिली. २०२४ मध्ये कोनाचा मालक बाहेर पडला आणि मूळ संस्थापकांनी ती परत विकत घेतली. त्याच वर्षाच्या शेवटी जीटीने नवी मॉडेल्स थांबवत असल्याचं जाहीर केलं. कॅनडाच्या रॉकी माउंटनने देणेकऱ्यांपासून कायदेशीर संरक्षण मागितलं. जर्मनीच्या वायटीने २०२५ च्या जुलैमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. ही सगळी माउंटन बाइकमधली मोठी नावं आहेत. फुल सस्पेन्शन सायकलच्या सांध्यातले बोल्ट आणि बेअरिंग त्या मॉडेलच्या मापाचे असतात. कंपनी गेली की ते कुठून आणायचे, हा प्रश्न आता हजारो लोकांसमोर खराखुरा उभा आहे. १९९२ च्या पोलादी सायकलवाल्यासमोर तो नाही.

कंपन्यांना हे अजिबात दिसत नाही असं नाही. स्रॅमने त्याच २०२५ मध्ये ईगल ७० आणि ९० या केबलवर चालणाऱ्या आवृत्त्या काढल्या. यूडीएच मात्र त्यांनाही लागतो. शिमानोने २०२३ मध्ये क्यूज नावाची मालिका आणली, तिच्यात ९, १० आणि ११ गिअरचे बरेच भाग एकमेकांत चालतात, आणि कॅसेट जुन्याच हायपरग्लाइड हबवर बसते. म्हणजे २५ वर्षांपूर्वीच्या आठ गिअरच्या चाकावर आजची कॅसेट. हे मला ३२ इंची चाकापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं, पण त्याची बातमी कोण करणार?

जुनीच्या खोडी

आता दुसरी बाजू, कारण जुन्या सायकलचे भक्त ती सांगत नाहीत. तीव्र उतारावर जुनी माउंटन बाइक भीतिदायक असते. पुढचा चिमटा उभा, म्हणजे ७१ अंशाच्या आसपास. आजच्या ट्रेल बाइकचा ६५ च्या जवळ. त्यात लांब स्टेममुळे वजन पुढच्या चाकावर. तोंडावर पडायला एवढं पुरेसं आहे. डिस्क ब्रेक नाहीत, आणि पावसात रिमवर रबर घासणारे कँटिलिव्हर ब्रेक आधी थोडा वेळ नुसता विचार करतात. उतारावर सीट खाली घेणारा ड्रॉपर पोस्ट हा तर मला गेल्या वीस वर्षांतला सर्वात उपयोगी शोध वाटतो.

शिवाय 'जुनी' म्हणजे सगळीच जुनी नव्हे. रॉकशॉक्सचा पहिला सस्पेन्शन फोर्क १९८९ चा. त्यानंतरच्या दशकातल्या अनेक फोर्कमध्ये रबरासारखा इलॅस्टोमर असायचा, तो आता कडक होऊन चुरा झालेला असतो आणि सुटे भाग मिळणं मुश्कील. म्हणून जाणकार सस्पेन्शन नसलेली पोलादी सायकलच धरून बसतात. निष्ठा वयावर नाही, दुरुस्तीच्या शक्यतेवर आहे.

आपल्याकडे याचा संबंध सरळ आहे. २६ इंची ट्यूब तालुक्याच्या गावातही पंक्चरवाल्याकडे मिळते, २७.५ ची मिळेलच असं नाही. घाटातल्या खडकाळ पायवाटांवरून जोरात उतरायचं असेल तर नवीच घ्या, जुनीच्या नादी लागू नका. पण कॉलेज, कच्चे रस्ते, टेकडी, अधूनमधून लांबचा प्रवास एवढंच असेल, तर चांगली जुनी पोलादी माउंटन बाइक आजही पुरेशी आहे. घ्यायला जाताना मोजपट्टी खिशात ठेवा. मागच्या चिमट्यातलं अंतर १३५ मिलिमीटर आहे का बघा. बीबीची नळी आट्यांची आहे का, गंज वरवरचा आहे की बीबीच्या खाली आतून खाल्लंय, हे पाहा. सीटचा दांडा हलतो का ते दुकानदारासमोरच हलवून बघा, कारण पोलादात अॅल्युमिनियमचा दांडा वर्षानुवर्षं राहिला की चिकटून बसतो आणि मग तो काढताना फ्रेमच जाऊ शकते. रिमच्या ब्रेक लागणाऱ्या पट्टीवरून बोट फिरवा, खोलगट लागली तर चाकाचे पैसे कमी करून मागा. आणि सस्पेन्शन फोर्क असेल तर तो चालत नाही असं धरूनच भाव करा.